सूत, वाकस आणि खणाचं घर

शिरूर तालुक्यात इनामगावजवळ घोड नदीच्या काठी जुन्या वस्तीची पांढरी आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी 1968 पासून पुढची कित्येक वर्षं तिथं उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथं राहून शेती करणाऱ्या माणसांची शंभराहून अधिक घरं त्यांना सापडली. घरं सापडली म्हणजे चोपून केलेल्या जमिनी सापडल्या, चुली सापडल्या आणि जमिनीत ओळीनं पाडलेली गोल भोकं सापडली. त्या भोकांत एकेकाळी खांब उभे होते. लाकूड कधीच कुजून गेलं, पण त्याच्या जागी भरलेली माती भोवतालच्या मातीपेक्षा वेगळ्या रंगाची आणि भुसभुशीत राहिली. त्यावरून भिंत कुठं वळत होती, छप्पर कशावर टेकलं होतं, घर चौकोनी होतं की गोल, हे सगळं वाचता आलं. आधीच्या काळातली घरं लांबट चौकोनी आणि ऐसपैस. त्यांतलं एक तर पाच खोल्यांचं. शेवटच्या, हलाखीच्या काळातली लहान गोल खोपटी.

लाकडाच्या घराची गोष्ट या भोकांपासून सुरू करायला हवी. जमिनीत हात-दोन हात पुरलेला खांब आपल्या बळावर उभा राहतो. वाऱ्यानं ढकललं तरी त्याला माती धरून ठेवते. अशा खांबाच्या दुबेळक्यात आडवं लाकूड टेकवलं आणि काथ्यानं किंवा वेलीनं बांधलं की झालं. पण जी माती त्याला धरते तीच त्याला खाते. जमिनीच्या पातळीला ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथं बुरशी वाढते, वाळवी लागते आणि काही पावसाळ्यांत खांब बुंध्याशी मऊ होतो.

यावरचा उपाय आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या घरात दिसतो. खांब दगडावर उभा करायचा. त्या दगडाला उथळं म्हणतात. जोत्याच्या वर काढलेल्या घडीव दगडावर खांबाचा पाय टेकला की ओल खालीच राहते आणि खांब दीडशे-दोनशे वर्षं टिकतो. मात्र एक आधार सुटतो. दगडावर ठेवलेला खांब एकटा उभा राहू शकत नाही. बोटानं ढकलला तर पडेल. त्याला उभं ठेवण्याचं जे काम माती करत होती ते आता वरच्या सांध्यांनी करायचं. खांब, तुळई, कडी हे एकमेकांत असे गुंतायला हवेत की सगळ्या सांगाड्यानं मिळून आपला तोल सांभाळावा. सुतारकामाची खरी विद्या इथं जन्मली. या प्रकरणात जे सांगायचं आहे ते या एका गोष्टीभोवती आहे: घर सांध्यावर उभं असतं आणि सांधा हातानंच शिकावा लागतो.

शिरूर आणि दौंड हा पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा, पर्जन्यछायेतला भाग. वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. मावळात पावसाचं पाणी झटकन उतरावं म्हणून छपरं उभ्या उताराची. इकडे मात्र माळवदाची किंवा धाब्याची सपाट घरं चालतात. त्या घराचं माप खणात सांगतात. दोन खांबांमधलं साधारण पाच-सहा फुटांचं अंतर म्हणजे एक खण. तीन खणांचं घर, पाच खणांचा सोपा, सात खणांची ओसरी, अशी भाषा. हे अंतर लाकडानंच ठरवलेलं आहे. गावच्या बांधावरच्या बाभळीतून किंवा लिंबातून सरळ मिळणारा तुकडा सहसा याहून फार लांब नसतो आणि मातीच्या छपराचं ओझं इतपत गाळ्यावरच निभतं.

खालून वर जाऊ या. जोतं, त्यावर उथळं, उथळ्यावर खांब. खांबाच्या डोक्याशी दोन्ही बाजूंना हस्त. तो तुळईचा भार खांबाकडे आणतो आणि गाळा थोडा आखूड करतो. हस्तावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. श्रीमंताच्या घरी नीट रंधलेल्या फळ्यांचा कडीपाट, गरिबाच्या घरी काठ्यांचं किलचन. त्यावर लिंबाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर गावठाणातली पांढरी माती, कारण ती ओली झाली की पाणी खाली सोडत नाही. भिंत या सांगाड्याच्या बाहेरून किंवा त्याला लागून जाते. नीट बांधलेल्या खणाच्या घरात छपराचं ओझं भिंतीवर नसतंच. भिंत ऊन, वारा आणि चोर अडवण्यापुरती.

ही गोष्ट किती मोलाची आहे हे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपात कळलं. त्या भूकंपात सुमारे 8 हजार माणसं गेली. जाड, अनघड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंती दुभंगल्या आणि त्यांच्या दगडांखाली माणसं गाडली गेली. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना मात्र गावोगाव आणखी एक दृश्य दिसलं: भिंती ढासळून बाहेर पडल्या आहेत आणि मधला लाकडी सांगाडा माळवदासकट उभा आहे. जिथं सांगाडा पुरा होता, खांब-तुळया एकमेकांत धरलेल्या होत्या, तिथं छप्पर माणसांच्या अंगावर आलं नाही. जिथं पैसा वाचवायला तुळईचं टोक भिंतीतच खुपसलं होतं, किंवा भिंतीतला खांब आतून कुजला होता, तिथं भिंतीबरोबर सगळं आलं. तरीही पुढं लोकांच्या मनात बसलं ते एवढंच, की दगड-माती-लाकडाची जुनी घरं वाईट आणि सिमेंट चांगलं. मला हा निष्कर्ष आजही बोचतो. लाकडानं आपलं काम केलं होतं, त्याची नोंद लोकांपर्यंत पोचली नाही.

लाकडी सांधा भूकंपात का टिकतो? कारण तो थोडा हलतो. खुंटीनं धरलेला सांधा घासत, कुरकुरत सरकतो आणि त्या घासण्यात धक्क्याची शक्ती खर्च होते. दगडाच्या भिंतीला असं सरकता येत नाही. आपल्या खणाच्या घरात तिरपे आधार मात्र कमी असतात. ही त्याची उणीव आहे आणि आज कोणी नवं घर बांधत असेल तर ती भरून काढावी.

आता लाकूड. शनिवारवाड्याची पायाभरणी 1730 मध्ये झाली तेव्हा साग जुन्नरच्या जंगलातून आणला, दगड चिंचवडहून, चुना जेजुरीहून. तळेगाव ढमढेरेसारख्या सरदारांच्या गावीही असाच दुरून आणलेला साग लागला. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाल्यावर दुरून येणारा माल आणखी स्वस्तात पोचू लागला, पुढं कौलं आणि पत्रेही. पण सामान्य कुणब्याच्या घरातलं लाकूड गावचंच. खांबाला आणि तुळईला बाभूळ, कड्यांना लिंब, फळ्यांना कधी आंबा. बाभूळ सागापेक्षा जड आणि चिवट. नांगर, कुळव, गाडीची चाकं, उसाचा लाकडी चरक, सगळं तिचंच. तिचा गाभा तांबूस आणि टणक. सालीलगतचं पांढरं लाकूड मात्र किडीला फार आवडतं. म्हणून जुने सुतार बाभळीचे ओंडके महिनोन्महिने पाण्यात घालून ठेवत. लाकडातला गोड रस पाण्यात उतरला की किडीला खायला काही उरत नाही. ओंडके अमावस्येला तोडावेत असंही सांगतात. ती श्रद्धा; पानगळीच्या कोरड्या दिवसांत तोडावं, हे मात्र साधं शहाणपण आहे.

लाकूड वाळताना आकसतं आणि सगळीकडून सारखं आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं थोडं, वर्तुळांच्या दिशेनं त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून गोल ओंडका वाळला की त्याला सालीकडून गाभ्यापर्यंत चीर पडतेच पडते. शिकणाऱ्याला ती चीर पाहून धडकी भरते. अनुभवी सुतार ती चीर कोणत्या अंगाला येईल याचा आधीच अंदाज घेतो आणि खाच दुसऱ्या अंगाला पाडतो.

गोल ओंडक्याचा चौकोनी खांब कसा होतो ते सविस्तर सांगतो, कारण हाताचं शिक्षण इथं सुरू होतं. ओंडका दोन घोड्यांवर ठेवतात आणि पाचरी मारून पक्का करतात. मग दोन्ही तोंडांवर ओळंब्यानं उभी रेघ. या दोन रेघा एकमेकींशी समांतर असायला हव्यात. त्या चुकल्या तर पुढं खांब पिळलेला निघतो आणि कितीही तासला तरी तो पीळ जात नाही. रेघेच्या आधारानं दोन्ही तोंडांवर चौकोन काढायचा. मग गेरूत किंवा काजळीत भिजवलेलं सूत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून, मधे चिमटीत उचलून सोडायचं. ओंडका कितीही वेडावाकडा असो, त्याच्यावर एक सरळ रेघ उमटते. सूत उचलताना ते बरोबर त्या पातळीतच उचलायचं. जरा तिरकं उचललं तर फुगीर ओंडक्यावर रेघ बाक घेते.

आता कुऱ्हाड. ओंडक्याच्या बाजूनं वीत-वीतभर अंतरावर सुताच्या रेघेपर्यंत खाचा घ्यायच्या. या खाचांमुळं पुढचं लाकूड तुकड्या-तुकड्यांत सुटतं. खाचा नसतील तर एकच लांब चिपा उलट्या धाग्यानं आत घुसतो आणि खांबाचं पोट उकरतो. खाचा झाल्या की मधले तुकडे आडव्या घावांनी उडवायचे. मोठमोठ्या ढलप्या पडतात. मग वाकस. वाकसाचं पातं दांड्याला आडवं असतं, कुदळीसारखं, आणि घाव आपल्याच पायांच्या दिशेनं येतो. म्हणून पाय फाकवून, मधे लाकूड घेऊन उभं राहायचं आणि पात्याच्या वाटेत पाय कधीच ठेवायचा नाही, हे वाकस हातात देण्याआधी शिकवतात. घाव खांद्यानं घालायचा नसतो. मनगट सैल, दांडा हातात जरा खेळता, आणि पात्याच्या वजनाला त्याचं काम करू द्यायचं. नवशिक्या जोर लावतो, लवकर दमतो आणि दमला की चुकतो. अनुभवी माणसाच्या वाकसाखालून पातळ, सारख्या जाडीच्या ढलप्या निघत राहतात आणि मागं राहतो तो किंचित लहरी असलेला, बोटांना सपाट लागणारा पृष्ठभाग. जुन्या वाड्याच्या तुळईवर तिरप्या उजेडात पाहिलं तर या लहरी अजून दिसतात.

करवतीनं कापलेल्या लाकडापेक्षा तासलेल्या लाकडाला एक फायदा आहे. करवत सरळ रेघेत जाते, लाकडाचा धागा वाकडा असला तरी त्याला कापत जाते. कुऱ्हाड आणि वाकस धाग्याशी बोलत जातात. धागा कुठं वळतो, गाठ कुठं आहे, कुठून उलट बाजूनं घाव घालायला हवा, हे हाताला लगेच कळतं. म्हणून तासलेला खांब किंचित बाकदार निघाला तरी त्याचे धागे टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. शिवाय ज्यानं खांब तासला त्याला त्याचं अंतरंग कळलेलं असतं. कोणतं तोंड वर, कोणती बाजू ओसरीकडे, कमकुवत जागा कुठं, हे सगळं तासता तासता ठरतं. गिरणीतून कापून आलेलं लाकूड हे सांगत नाही.

धारेचं काम याच्याही आधीचं. बोथट वाकस धारदार वाकसापेक्षा धोक्याचा असतो, कारण तो लाकडात न शिरता उसळतो. पोलादाला पाणी देणं लोहाराचं, धार लावणं सुताराचं. कुरुंदाच्या दगडावर पात्याचा तिरपेपणा न मोडता धार लावणं, हे एकच काम नीट यायला नवशिक्याला पुष्कळ वेळ लागतो आणि तो वेळ द्यावाच लागतो. सुताराची शाळा लोहाराच्या भात्याजवळ असावी असं मला वाटतं ते यासाठी.

मग सांधा. तुळईच्या टोकाशी किंवा खांबाच्या डोक्यावर जीभ काढतात, त्याला कुसू म्हणतात, आणि समोरच्या लाकडात तिच्या मापाचं भोक. भोकाची रुंदी लाकडाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ठेवतात. याहून रुंद भोक घेतलं तर भोवतालचं लाकूड कमजोर, अरुंद घेतलं तर कुसूच मोडेल. पूर्वी सामत्यानं, म्हणजे दोरीच्या धनुकलीनं फिरवायच्या गिरमिटानं, भोकं पाडत. मग किंकऱ्यानं आणि पटाशीनं कोपरे काढत. मापं सुतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. सांधा बसवल्यावर खुंटी ठोकतात आणि तिथं जगभरचे सुतार एक युक्ती करतात: कुसवातलं खुंटीचं भोक खांबातल्या भोकाच्या बरोबर समोर न पाडता सूतभर कुसवाच्या मुळाकडे पाडतात. टोकदार खुंटी ठोकली की ती कुसवाला आत ओढून घेते आणि सांधा घट्ट आवळला जातो. ना खिळा, ना गोंद. लाकूड पुढं आकसलं तरी हा ताण राहतो.

या सांगाड्याचा आणखी एक गुण आहे: तो उकलता येतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल कोथरूडच्या वाड्याच्या अवशेषांतून पुन्हा उभा केलेला आहे. खांब, कमानी, तक्तपोशी एका जागेवरून सोडवून दुसऱ्या जागी जोडता आल्या, कारण मुळात त्या तशा जोडलेल्या होत्या. त्या मस्तानीची समाधी शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे. पाबळकडे आपल्याला दुसऱ्या कारणासाठी परत यायचं आहे.

तुळई आडवी ठेवावी की उभी, याचंही गणित हातानं शिकता येतं. चार इंच बाय सहा इंचाची तुळई उभी, म्हणजे सहा इंच उंचीची ठेवली तर तिची ताकद आडवी ठेवलेल्या त्याच तुळईच्या दीडपट होते आणि ताठपणा सव्वादोन पट. कारण ताकद उंचीच्या वर्गाबरोबर वाढते आणि ताठपणा घनाबरोबर. वर्गात फळ्यावर लिहिलं तर हे सूत्र मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात. दोन टेकूंवर फळी ठेवून, आधी आडवी आणि मग उभी, तिच्यावर त्यांना उभं केलं तर ते कायमचं कळतं.

ही विद्या कोणाकडे होती? बारा बलुतेदारांत सुताराचा मान मोठा, कारण शेती त्याच्यावाचून अडायची. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’त ही सगळी रचना तपशिलानं आलेली आहे. औतं-अवजारं दुरुस्त करण्याबद्दल त्याला सुगीला धान्य. घर बांधण्याचं काम निराळं, त्याची मजुरी वेगळी. मुलगा बापाच्या हाताखाली ढलप्या गोळा करण्यापासून सुरुवात करायचा आणि वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनंतर सूत मारायला लागायचा. ही उत्तम शाळा होती आणि बंदिस्त शाळा होती. सुताराच्या मुलाला दुसरं काही होता येत नव्हतं आणि दुसऱ्या कोणाच्या मुलाला, कोणाच्याही मुलीला, वाकस हाती धरता येत नव्हता. आज ही विद्या पुन्हा शिकायची म्हणजे ती जुनी व्यवस्था परत आणायची असं कोणी समजू नये. दार सगळ्यांना उघडं असलेली शिबिरं आणि कार्यशाळा हवीत ती याच कारणासाठी.

लोखंडी धुऱ्याच्या, टायरच्या गाड्या आल्या, लोखंडी नांगर आले, नंतर ट्रॅक्टर आले. सुतार सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायला गेला किंवा शहरात प्लायवूडचं फर्निचर करायला. वाडे भाऊबंदकीत वाटले गेले आणि पडले. त्यांचे खांब जुन्या सागवानाच्या भावानं विकले जातात आणि पुणे-नगर किंवा पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलांच्या दारात शोभेला उभे राहतात. त्यांच्यावर ओझं नसतं, आत सिमेंटचा खांब असतो. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं. लाकूड वाचलं हे खरं, पण ते ज्यासाठी घडवलं होतं ते काम कोणी त्याच्याकडून घेत नाही.

अशी विद्या टिकवायची कशी, हा प्रश्न जगात अनेकांना पडला आहे. जपानमध्ये इसे इथलं मंदिर दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात. 2013 मध्ये ते 62 व्यांदा झालं. वीस वर्षांचा हिशेब असा की तरुणपणी हाताखाली काम केलेला सुतार पुढच्या खेपेला मुख्य असतो आणि त्याच्या पुढच्या खेपेला शिकवणारा. फ्रान्समध्ये 15 एप्रिल 2019 ला पॅरिसच्या नोत्र दाम या मध्ययुगीन चर्चचं छप्पर जळालं. सिमेंट किंवा पोलाद वापरावं असा आग्रह काहींनी धरला होता. पण 2020 मध्ये ‘सीमांविना सुतार’ अशा अर्थाचं नाव घेतलेल्या कारागिरांच्या एका मंडळानं मध्ययुगीन पद्धतीनं, ओल्या ओकच्या ओंडक्यांतून कुऱ्हाडीनं तासून, छपराची एक कैची उभी करून दाखवली आणि हे आजही करता येतं हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालं. त्यानंतर मुख्य छपराचं लाकूड हातानं तासण्यात आलं, त्यासाठी रुंद पात्याच्या कुऱ्हाडी नव्यानं घडवून घेतल्या, आणि डिसेंबर 2024 मध्ये ते चर्च पुन्हा उघडलं. हे कारागीर आले कुठून? फ्रान्समध्ये कामातून शिकवण्याची परंपरा तुटली नव्हती म्हणून. अमेरिकेत ती तुटली होती. तिथं 1970 च्या दशकापासून काही हौशी आणि जिद्दी माणसांनी जुनी कोठारं उकलून, त्यांचे सांधे वाचून, ती पुन्हा शिकली आणि मग आठवड्या-दोन आठवड्यांच्या कार्यशाळांतून इतरांना शिकवली. तुटलेली विद्याही परत येऊ शकते, याचं हे उदाहरण मला फार धीर देतं.

आता पाबळ. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. ते अन्नतंत्रज्ञ, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले, पुढं मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले. शाळेत नापास झालेली किंवा शाळा सोडलेली ग्रामीण मुलं मठ्ठ नसतात, त्यांच्या हातांना काम दिलं की डोकं आपोआप चालतं, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते त्यांनी करून दाखवलं. एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात मुलं वेल्डिंग, बांधकाम, सुतारकाम, वीज, शेती, पशुपालन हे सगळं गावच्या खऱ्या गरजांवर काम करत शिकतात. गावासाठी केलेल्या कामाचे पैसे घेतात, कारण फुकट केलेलं काम कोणी तपासत नाही. किल्लारीनंतर तिथल्या घुमटाकार घरांचं तंत्रही उपयोगी पडलं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आली. वाकस आणि खणाचं घर हा तिथला विषय नाही. पण लाकडाच्या सांध्याची कार्यशाळा कशी चालावी याचं उत्तर शोधायला शिरूर-दौंडच्या माणसाला फ्रान्सला जावं लागत नाही, ते जवळच पाबळला आहे.

त्या पद्धतीतला मुद्दा असा: शिकण्यासाठी केलेली वस्तू खरी असावी. सरावासाठी दोन तुकडे जोडून ते कोपऱ्यात फेकायचे, हे शिक्षण होत नाही. गोठ्याचं छप्पर, मंदिरापुढची ओसरी, शाळेच्या अंगणातला तीन खणांचा मांडव, असं काहीतरी उभं राहायला हवं. त्याच्याखाली माणसं बसणार आहेत हे माहीत असलं की मुलगी भोकाचा काटकोन दोनदा तपासते. उभारणीच्या दिवशी सगळा हिशेब समोर येतो. दहा-बारा जण मिळून दोर लावून खांब उभे करतात, तुळई वर चढते आणि कुसू भोकात जातो किंवा जात नाही. तिथं वशिला चालत नाही.

सरकारनं 17 सप्टेंबर 2023 ला सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम हे 18 व्यवसायांपैकी एक आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15 हजार रुपये. ही मदत चांगली आहे. पण पाच-सात दिवसांत धार लावणं आणि सूत मारणं एवढंच नीट येईल. खांब तासणं आणि सांधा बसवणं यासाठी हंगामभर पुन्हा पुन्हा यावं लागेल. आणि शिकवणारा कोण, हा खरा प्रश्न. गावात अजून असे सुतार आहेत ज्यांनी तरुणपणी बाभळीचं चाक केलं, तुळई तासली. त्यांचं वय झालं आहे. त्यांना सत्कार करून, शाल घालून परत पाठवू नये. शिक्षकाला मिळतं तसं रोजचं मानधन द्यावं आणि त्यांच्या हाताखाली मदतनीस द्यावेत, म्हणजे त्यांना स्वतः घाव घालत बसावं लागणार नाही.

सरावाला लाकूड कुठलं? साग, आंबा, जांभूळ, चिंच ही झाडं 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि नवशिक्याच्या हातात घालवण्याइतकी ती स्वस्तही नाहीत. निलगिरी सरळ मिळते, पण तोडल्यावर तडकते आणि धागा पिळाचा असतो. सुबाभूळ मऊ आणि सोपी, पहिल्या आठवड्याला ठीक. दौंडकडे भीमेच्या काठानं आणि पडीक रानांत माजलेली वेडी बाभूळ लोक फक्त कोळशासाठी तोडतात. तिचं लाकूड टणक आहे आणि वाळताना फार थोडं आकसतं. वाकडी वाढते एवढाच दोष, पण वाकडं लाकूड वाचायला शिकणं हाच तर तासण्याचा अभ्यास आहे. दिवाळीनंतर शेतातली घाई ओसरली की शिबिर घ्यावं आणि उन्हाळा कडक होण्याआधी उभारणी करावी.

दुसऱ्या हंगामात दुरुस्तीचं काम घ्यावं. पडत्या वाड्यातला एक खांब निवडायचा, ज्याचा पाय उथळ्याशी कुजला आहे. तुळईला शेजारी टेकू आणि जॅक देऊन ओझं उचलायचं, पण केसभरच, कारण जास्त उचललं तर वरचे सांधे फाटतात. किंकरं टोचून कूज कुठपर्यंत आहे ते पाहायचं आणि निरोगी लाकूड लागेल तिथून वीतभर वर कापायचं. जुन्या खांबाच्या अर्ध्या जाडीची जीभ खाली सोडायची, नव्या तुकड्याची तेवढीच वर घ्यायची, दोन्ही एकमेकांवर सपाट बसतील अशा रीतीनं वाकसानं तासून, आरपार दोन खुंट्या ठोकायच्या. नवा तुकडा वाळलेल्या लाकडाचा हवा. ओला घेतला तर वर्षभरात आकसून सांधा ढिला होईल. मग जॅक हळूहळू उतरवायचा आणि खांबावर कान ठेवून ऐकायचं. ओझं परत खांबावर आलं की लाकूड एकदा कुरकुरतं.